बांधायच्या आधीच घरात फिरून बघायचं: थ्रीडी मॉडेल आणि व्हीआरबद्दल खान्देशातले नेहमीचे प्रश्न

जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, नंदुरबार, फोन कुठूनही येवो, प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून सगळे एका ठिकाणी टाकतोय. काही उत्तरं लांबलीत कारण विषयच तसा आहे, काही दोन ओळीत संपलीत. मी हेच काम करतो, लोकांच्या घराचं मॉडेल बनवून त्यांना आत फिरवतो, त्यामुळे माझा कल त्या बाजूला असणार हे धरूनच वाचा.

हे नेमकं असतं काय? भाचा म्हणतो थ्रीडी फोटो तर कोणीपण बनवून देतं.

देतं ना. पण त्यात वेगवेगळे प्रकार आहेत आणि आपल्याकडे सगळ्यांनाच "थ्रीडी" म्हणतात, घोळ तिथंच होतो. एक म्हणजे एलिव्हेशनचा, म्हणजे घराच्या समोरच्या बाजूचा फोटो, जो फ्लेक्सवर छापून प्लॉटवर लावतात, वर निळं आभाळ, खाली हिरवं लॉन आणि दारात अशी गाडी जी आपल्या गल्लीत वळणारच नाही. दुसरा वॉकथ्रूचा व्हिडिओ, त्यात कॅमेरा बनवणाऱ्यानं ठरवलेल्या वाटेनं फिरतो, तुम्हाला थांबायचं असेल तिथं थांबत नाही, दाराच्या मागं काय आहे ते दाखवत नाही. तिसरं म्हणजे व्हीआर, व्हर्च्युअल रिॲलिटी. डोक्याला हेडसेट लावला की अख्खं घर खऱ्या मापात तुमच्या भोवती उभं राहतं, मान वळवाल तिकडचं दिसतं, वाकलात तर ओट्याखालचं दिसतं, पुढं पाऊल टाकलं तर खरंच पुढं जाता. पहिले दोन कौतुकाने बघायला बरे, पण दहा बाय बाराच्या खोलीत पलंग टाकल्यावर कपाटाचं दार उघडतं का हे तिसऱ्यातच कळतं. आणि नाही उघडलं तर मॉडेलमध्ये भिंत सहा इंच सरकवायची आणि परत बघायचं, वीट नाही सिमेंट नाही.

नकाशा मंजूर आहे, इंजिनियर पण ओळखीचा आहे, मग याची गरजच काय?

नकाशा वाचता येणारा माणूस घरात एखादाच असतो आणि घरात राहणारे सहा-सात. बाकीचे मान हलवतात. नकाशावर "किचन ८ बाय १०" वाचून वहिनींना काय कळणार, त्यांना हे कळायला हवं की गॅससमोर उभं राहिल्यावर पाठीमागून दुसरं माणूस ताट घेऊन जाऊ शकतं का.

आपल्याकडच्या घराच्या गरजा तर रेडिमेड प्लॅनमध्ये बसतच नाहीत. यूट्यूबवरचा तो थर्टी बाय फोर्टीचा प्लॅन कुठल्या तरी दुसऱ्याच गावासाठी काढलेला असतो. त्यात खापरावरचे मांडे कुठं करायचे? भरताची वांगी भाजायला धूर सहन करणारी मागची जागा कुठंय? उन्हाळ्यात पापड, कुरडया वाळवायला गच्चीवर जायचा जिना इतका अरुंद की खाट वर नेताना वळणावर अडकते. आणि कानबाई! श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई, आपली खान्देशची देवी, बसते, भाऊबंद रोटाच्या प्रसादाला जमतात, रात्रभर जागरण, तेव्हा हॉलमध्ये किती माणसं बसतील याचा विचार सोफासेट आणि टीव्ही युनिट टाकताना कोणी करत नाही. मी हॉलचं मॉडेल दाखवताना एकदा रोजचं फर्निचर टाकून दाखवतो आणि एकदा सगळं बाजूला सारून, कोपऱ्यात चौरंग मांडून, खाली सतरंजीवर माणसं बसवून. बऱ्याच घरात देवघराची जागा तिथंच बदलते, कारण देवघर पॅसेजमध्ये टाकलेलं असतं आणि तिथं आरतीला चार माणसंपण उभी राहू शकत नाहीत हे कागदावर कोणाला दिसलेलं नसतं.

कधी करायचं हे? आमचा प्लिंथ (जोतं) झालाय आता.

फूटिंगचे, म्हणजे पायाचे खड्डे खोदायच्या आधी केलं तर सगळ्यात भारी, पण प्लिंथनंतरही अर्थ आहे. फक्त काय काय बदलता येणार ते कमी कमी होत जातं. फूटिंगच्या आधी सगळंच हातात असतं, कॉलम सरकतील, जिना दुसरीकडं जाईल, अख्खा प्लॅन आरशासारखा उलटा करता येईल. प्लिंथ झाल्यावर कॉलम फिक्स, पण आतल्या भिंती, दारं, खिडक्या, ओटा अजून तुमच्या हातात. लिंटलपर्यंत, म्हणजे दार-खिडक्यांवरच्या पट्टीपर्यंत बांधकाम आलं की खिडक्या गेल्या. आणि स्लॅब पडायच्या आधी पंख्याचे बॉक्स आणि लाइटचे पाइप स्लॅबमध्ये टाकतात, त्यामुळे पलंग कुठं येणार हे त्या दिवसापर्यंत ठरलेलं पाहिजे नाहीतर पंखा एकीकडं आणि झोपणारा दुसरीकडं. प्लास्टर, टाइल झाल्यावर व्हीआर करून रंग बघता येईल, पडदे बघता येतील, पण खरं सांगू का, त्यासाठी माझ्याकडं येऊ नका, रंगाच्या दुकानात शेडकार्ड फुकट मिळतं. जे नंतर फोडावं लागेल तेच व्हीआरमध्ये तपासा.

बिल्डरकडं फ्लॅट बुक केलाय. त्यात आपल्याला काय बदलून मागता येतं?

कॉलम, बीम, स्लॅब, बाहेरची भिंत, संडास-बाथरूमचा डक्ट (पाइप जायची पोकळी), इमारतीचं बाहेरचं रूप, याला हात नाही. आतली पार्टिशनची भिंत, दाराची उघडायची बाजू, ओट्याचा आकार आणि उंची, सिंक कोणत्या टोकाला, लाइटचे पॉइंट, एसी आणि कूलरचे पॉइंट, टाइल, बाथरूममध्ये कोरडी आणि ओली बाजू, हे बहुतेक बिल्डर वेळेत सांगितलं तर करून देतात, जादा पैसे लावून. "वेळेत" हा शब्द महत्त्वाचा. तुमच्या मजल्याच्या भिंती उभ्या राहायच्या आधी यादी हातात गेली पाहिजे.

बिल्डरकडून ऑटोकॅडची फाइल मागा, नाही दिली तर पीडीएफ मागा, त्यावरूनही मॉडेल होतं. बीम किती खाली येतो ते मात्र आवर्जून विचारा, कारण ब्रोशरच्या चित्रात बीम गायब असतो आणि खऱ्या बेडरूममध्ये बरोबर पलंगाच्या डोक्यावरून जातो. मग त्याखाली पीओपी करून झाकायचं म्हटलं तर उंची अजून कमी. हे सगळं मॉडेलमध्ये आधी दिसतं.

आणि जे ठरलं ते तोंडी नको. कोणता बदल, किती जादा पैसे, कोणत्या तारखेपर्यंत, हे कागदावर, सही-शिक्क्यासकट, सोबत मापं टाकलेला नकाशा जोडून.

बिल्डरच्या ऑफिसमध्ये व्हीआरचा चष्मा, म्हणजे हेडसेट लावून घर दाखवलं, एकदम झकास होतं. तसंच मिळेल ना?

चष्म्यात जे दिसतं ती जाहिरात असते असं समजून चाला. फर्निचर थोडं लहान करून टाकलं की खोली मोठी वाटते, पाच फुटी पलंगाऐवजी साडेचार फुटी, सोफा कमी खोलीचा, कपाट दीड फुटाचं. फोटोमध्ये तर अजून सोपं, वाइड लेन्स लावली की हॉलचं मैदान होतं. तिथंच विचारा की पलंगाचं माप किती धरलंय. साधारण डबल बेड ५ बाय साडेसहा किंवा ६ बाय साडेसहा असतो, कपाटाची खोली २ फूट. उत्तर देताना समोरचा अडखळला तर काय ते समजून घ्या.

कायद्याचं म्हणाल तर २०१६ चा रेरा, म्हणजे बिल्डरांच्या घरविक्रीचा कायदा आहे आणि तो आपल्या राज्यात राबवणारं महारेरा १ मे २०१७ पासून चालू आहे. जाहिरातीत किंवा नमुना घरात खोटं दाखवून पैसे घेतले आणि त्यामुळे नुकसान झालं तर कलम १२ खाली भरपाई मागता येते. तुमच्या घराचा मंजूर नकाशा आणि कबूल केलेल्या सोयी तुमच्या संमतीशिवाय बदलता येत नाहीत, ते कलम १४. आणि करारनामा नोंदवायच्या आधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, कलम १३. पण एक बघा, जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा घरं ८ पर्यंतच असतील तर त्या प्रकल्पाला महारेराची नोंदणी लागत नाही, आणि आपल्याकडच्या छोट्या रो-हाऊसच्या स्कीम कित्येकदा त्यातच बसतात. तिथं तुमचा करारनामा जेवढा पक्का तेवढेच तुम्ही पक्के. म्हणून व्हीआरमध्ये जे आवडलं ते स्पेसिफिकेशनच्या यादीत आलंय का ते बघा, टाइलचा साइज, दाराची जाडी, खिडकीचं मटेरियल, सगळं.

कार्पेट एरियाचं पण इथंच सांगतो. त्यात आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात, पण बाहेरच्या भिंतींची जाडी, डक्ट, बाल्कनी आणि ओपन टेरेस धरत नाहीत. व्हीआरमध्ये बाल्कनीत उभं राहून "वा, किती मोठा फ्लॅट" वाटतं, त्यातली बाल्कनी त्या आकड्यात नाही.

आमच्याकडं ऊन किती, घर तापणार का हे त्यात कळतं का?

ऊन कळतं, तापमान कळत नाही. हा फरक नीट समजून घ्या कारण खान्देशात घर बांधताना याच्याइतका मोठा प्रश्न दुसरा नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळत असतो, भुसावळवाल्यांना तर काही सांगायची गरज नाही.

मॉडेलमध्ये गावाचं ठिकाण टाकलं आणि उत्तर दिशा बरोबर बसवली की कोणत्या तारखेला किती वाजता ऊन कुठपर्यंत येणार हे अचूक दिसतं, कारण ते सगळं गणित आहे, अंदाज नाही. जळगाव साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर, धुळं पण जवळपास तिथंच. म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आणि २१ जूनला तर थोडा उत्तरेकडं सरकलेला असतो. याचा अर्थ काय, तर उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा मार भिंतीवर नाही, स्लॅबवर बसतो. लोक पैसे घालतात दक्षिणेच्या भिंतीवर क्लॅडिंग (बाहेरून दगड-टाइलचा थर) लावायला आणि गच्ची तशीच काळी सोडतात! गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर), चायना मोझॅक (फुटक्या टाइलच्या तुकड्यांची फरशी), निदान उन्हाळ्याच्या आधी पांढरा चुना, हे आधी.

दुसरा मार पश्चिमेचा. दुपारी ३ नंतर सूर्य खाली येतो आणि किरण आडवे घुसतात, तिथं छज्जा कितीही मोठा काढा उपयोग कमी, कारण छज्जा वरून येणारं ऊन अडवतो, समोरून येणारं नाही. मेमध्ये सूर्य नुसता पश्चिमेला नाही तर जरा उत्तरेकडं झुकून मावळतो, म्हणून वायव्येच्या बेडरूमवाले संध्याकाळी हैराण. तिथं उभी पडदी, जाळी, जिना किंवा बाथरूम त्या बाजूला घालणं, नाहीतर सरळ एक कडुलिंब, हे उपाय मॉडेलमध्ये टाकून बघता येतात. दक्षिणेच्या खिडकीचं उलट आहे. डिसेंबरच्या शेवटी दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४५ अंशावर असतो, दोन फुटी छज्जा तेव्हा दोनच फूट सावली देतो, खालच्या अर्ध्या खिडकीतून कोवळं ऊन आत येतं आणि थंडीत ते हवंच असतं.

मी लोकांना हेडसेटमध्ये तीन वेळा दाखवतो: मेमधली दुपारी १२ ची वेळ, मेमधलीच ५ ची, आणि डिसेंबरची सकाळ. बस एवढ्यात खिडक्यांचे बरेच निर्णय होतात. पण हेडसेट लावून तुम्ही बसलेले असता एसीत, घाम येत नाही, म्हणून चकचकीत उजेडाची मोठी काच आवडून जाते. उजेड आवडला की लगेच विचारा, ही काच पश्चिमेला आहे का.

कूलरचं काय? त्याचा विचार होतो का यात?

झालाच पाहिजे! बाहेरगावच्या डिझाइनरच्या मॉडेलमध्ये एसी असतो, कूलर नसतो, आणि इथं मग घर झाल्यावर खिडकीचं ग्रिल कापून कूलर बसवतात. तुमच्या घरी आत्ता जो कूलर आहे त्याची लांबी-रुंदी-उंची टेपने मोजून पाठवा, तोच मॉडेलमध्ये टाकायचा. मग बघायचं की तो खिडकीच्या बाहेर कुठं बसतो, त्याला पाणी भरायला नळ जवळ आहे का, पॉइंट कुठं, आणि हवा आत आल्यावर बाहेर जायला समोर खिडकी किंवा झरोका आहे का. डेझर्ट कूलरला समोरून हवा बाहेर पडायला वाट लागतेच, नाहीतर खोली दमट होऊन चिकचिक होते. हे सगळं नकाशावर बाण काढून पण करता येतं, पण हेडसेटमध्ये कूलरचा तोंडवळा पलंगाच्या उशाशी आलेला दिसला की माणूस लगेच म्हणतो, नको भाऊ, तिकडं सरकवा.

मॉडेल बनवायला आम्ही काय काय द्यायचं?

प्लॉटची चारही बाजूंची खरी मापं, आणि दोन्ही कर्ण पण, कारण उताऱ्यावर चौकोन असतो आणि जागेवर तिरका निघतो. उत्तर दिशा. मोबाईलच्या होकायंत्राने बघणार असाल तर सळईच्या ढिगाजवळ किंवा गाडीजवळ उभं राहून बघू नका, लोखंडाने सुई फिरते. रस्त्यापासून प्लॉट किती खाली-वर आहे ते. शेजारच्या घराची उंची आणि त्यांची खिडकी कुठं येते ते, हे लोक विसरतात आणि मग आपलं बाथरूम त्यांच्या किचनसमोर.

घरातल्या ज्या वस्तू नव्या घरात नक्की येणार आहेत त्यांची मापं. आजीचं सागवानी कपाट, शिलाई मशीन, दिवाण, धान्याची कोठी, फ्रिज. त्यांचा फोटो काढताना शेजारी टेप उघडून ठेवा. आणि एक कागद ज्यावर घरात कोण राहणार, कोणाला गुडघ्याचा त्रास आहे, कोण पहाटे उठतं, पाहुणे कितीदा येतात, पाणी किती दिवसाआड येतं हे लिहिलेलं. हा शेवटचा कागद नसला तर मी जे घर काढीन ते कोणाचंही असेल. पाण्याच्या मुद्द्यावर जमिनीखालची टाकी केवढी, पोर्चमध्ये तिचं झाकण गाडीखाली येतं का, हे सगळं ठरतं.

गावातलं जुनं धाब्याचं घर आहे, गल्लीतलं, लांबट. त्याचं होईल का?

होईल, आणि व्हीआरचा सगळ्यात जास्त फायदा अशाच घरांना होतो असं माझं मत आहे. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, उजेड फक्त पुढून आणि मागून, मधल्या खोल्यांत भर दुपारी दिवा. नव्या प्लॅनमध्ये मध्ये एक छोटा चौक किंवा जिन्यावर काच ठेवायची का, ठेवली तर किती मोठी, खालच्या मजल्यापर्यंत उजेड उतरतो का, हे आत उभं राहूनच समजतं. चौकासाठी जागा सोडायची म्हटलं की घरातले म्हणतात "एवढी जागा वाया?", मग त्यांना एकदा चौकासकट आणि एकदा चौकाशिवाय फिरवायचं, बोलायची गरज पडत नाही.

जुन्या घराची मापं घ्यायला लेझर मीटर चालतो. आयफोनच्या १२ प्रो पासूनच्या प्रो मॉडेलमध्ये लायडार सेन्सर आहे, त्याने खोली स्कॅन होते, पण पाचेक मीटरपलीकडं त्याचं चालत नाही आणि इंच-इंच अचूकता त्यात धरू नका. मातीच्या भिंती वर-खाली जाडीने वेगळ्या असतात, तिथं तीन उंचीवर माप घ्या. आणि जुन्या भिंतीवर मजला चढवायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियर, मग मी. चष्म्यात कोणतीही भिंत मजबूतच दिसते.

मग काय काय दिसत नाही त्यात?

जमीन. तापीकाठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, पाया किती खोल न्यायचा ते माती तपासून आरसीसीवाला, म्हणजे सळई-काँक्रीटचं डिझाइन करणारा इंजिनियर सांगेल, मॉडेलमध्ये घर हिरव्या सपाट पृष्ठभागावर छान उभं असतं. आवाज दिसत नाही, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, रेल्वेची शिट्टी. वास दिसत नाही. गळती, ओल, गवंड्याचा हात, काहीच नाही. आणि खर्च! मॉडेलमध्ये एका क्लिकवर इटालियन मार्बल पडतो. डबल हाइटचा हॉल पण क्लिकवर होतो आणि सगळ्यांना आवडतो, मग मे महिन्यात तेवढी सगळी हवा थंड करायची कोणी हा प्रश्न उरतो.

कोणतं सॉफ्टवेअर वापरतात? मुलगा इंजिनियरिंगला आहे, तो करेल का घरीच?

करेल, जर बसला तर. स्केचअप शिकायला सगळ्यात सोपं, २००० साली आलं, मधली काही वर्षं गूगलकडं होतं, २०१२ पासून ट्रिंबलकडं आहे. त्याची ब्राउझरमध्ये चालणारी फुकट आवृत्ती घरच्या मॉडेलसाठी पुरते. ब्लेंडर पूर्ण फुकट आहे पण डोक्याला ताप आहे. आर्किटेक्ट लोक रेव्हिट किंवा आर्किकॅड वापरतात, त्यात भिंत ही नुसती आकृती नसते, तिच्यात विटेची जाडी, प्लास्टर, सगळी माहिती असते, खिडकी सरकवली की नकाशा, सेक्शन आणि विटांचा हिशोब आपोआप बदलतो. मग त्या मॉडेलला एनस्केप किंवा ट्विनमोशनमधून हेडसेटमध्ये न्यायचं. याला चांगलं ग्राफिक कार्ड असलेला पीसी लागतो, ऑफिसच्या लॅपटॉपवर हे गचके देतं.

मुलाने केलं तर एक काम त्याला नक्की सांगा, भिंतींना खरी जाडी दे. नऊ इंची भिंत प्लास्टरसकट दहा इंचाच्या आसपास जाते. नवशिके भिंत कागदासारखी एका रेघेची काढतात आणि प्रत्येक खोली काही इंच मोठी दिसते.

हेडसेट घ्यावा लागेल का? मोबाईलवर चालत नाही?

एका घरासाठी हेडसेट विकत घेऊ नका, जो मॉडेल करतो त्याच्याकडं असतो. सध्या बहुतेक जण मेटा क्वेस्ट २ किंवा ३ वापरतात, ३ हा ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. मोबाईलवर ३६० अंशाचा पॅनोरमा चालतो, व्हॉट्सॲपवर लिंक आली की उघडायची आणि मोबाईल फिरवायचा. पण त्यात तुम्ही एका जागी खिळलेले असता, मान फिरते, पाऊल चालत नाही, त्यामुळे माप कळत नाही, नुसतं रूप कळतं. पुठ्ठ्याचे चष्मे मिळायचे मोबाईल घालायचे, त्याचं पण तसंच. सुरतला किंवा पुण्याला असलेल्या भावाला दाखवायला पॅनोरमा उत्तम, खोलीचं अंतिम माप ठरवायला नाही.

हेडसेट लावल्यावर पहिलं काम, फ्लोअर सेटिंग नीट आहे का बघणं. ते चुकलं तर तुम्ही जमिनीपासून अर्धा फूट वर तरंगता आणि अख्खं घर बुटकं वाटतं. सात फुटी दाराजवळ उभं राहा, चौकट रोजच्यासारखी वाटते का बघा. आणि हेडसेटमध्ये अंतर खऱ्यापेक्षा थोडं कमी भासतं, यावर बरेच अभ्यास झालेत, म्हणून डोळ्यावर भरवसा न ठेवता शंका आली तिथं मॉडेलमधली टेप लावून आकडा बघा. ओट्याच्या उंचीसाठी माझा जुगाड: घरातलं टेबल पाट ठेवून ३२ इंच, ३४ इंच असं उंच करायचं आणि वहिनींना खरंच त्यावर पोळपाट ठेवून लाटायला लावायचं. हे हेडसेटच्या बाहेरच चांगलं समजतं.

आबांना चक्कर येईल का?

येऊ शकते. डोळे सांगतात चालतोय आणि कानाच्या आतला तोल सांगतो जागेवरच आहे, त्या भांडणातून मळमळ होते. उपाय सोपे आहेत. बटणाने सरकत चालण्याऐवजी टेलिपोर्ट ठेवायचं, म्हणजे बोट दाखवलं की उडी मारून तिथं. चित्र अडखळता कामा नये, सेकंदाला ७२ किंवा ९० फ्रेम (चित्रं) सलग मिळायला हव्यात, मॉडेल जड असेल तर झाडं आणि गवत आधी काढून टाका. खुर्चीवर बसवून पाच मिनिटं, मग विश्रांती. जिना चढण्याचा प्रकार पहिल्यांदा नको. नंबरचा चष्मा असेल तर हेडसेटच्या आत स्पेसर (जागा सोडणारी चौकट) लावून चालतो. बीपीचा किंवा फिट्सचा त्रास असेल तर हट्ट नको, त्यांच्यासाठी तेच मोठ्या टीव्हीवर चालू करायचं. आबांना खरं तर एवढंच बघायचं असतं की दारातल्या ओट्यावर बसून गल्ली दिसते का, आणि रात्री संडासला जाताना वाटेत पायरी आहे का. त्यांचं ऐका. कित्येकदा पहिलं वाक्य "हाई काय शे भाऊ" (हे काय आहे भाऊ) असतं आणि दुसरं वाक्य असं की सगळे गप्प होतात, उदाहरणार्थ, "माझी खोली वर का टाकली?"

वास्तूप्रमाणे बदल करता येतात का?

येतात. वास्तूवाल्यांना हेडसेट लावून बसवलं तरी चालेल, फक्त फूटिंगच्या आधी बोलवा.

वेळ आणि पैसे किती?

दर गावागणिक आणि माणसागणिक वेगळा, आकडा टाकला तर उद्या कोणीतरी स्क्रीनशॉट घेऊन येईल. पण बिल कशावर चढतं ते सांगतो. क्षेत्रफळ, आतलं फर्निचर किती बारकाईने हवं, आणि किती वेळा बदल. शेवटचं सगळ्यात महाग. म्हणून ठरवतानाच विचारा की किती फेऱ्या बदल धरलेत, त्यानंतरच्या फेरीचे किती, आणि काम झाल्यावर मूळ फाइल मिळणार की नुसते फोटो. मूळ फाइल घ्याच, दहा वर्षांनी वर मजला चढवताना कामाला येते. साधं, पांढऱ्या भिंतींचं, बिनरंगाचं मॉडेल घेतलं तर स्वस्तात होतं आणि माप ठरवायला तेवढं पुरतं, मी तर म्हणतो पहिल्या फेरीत रंग नकोच, रंग आला की सगळे रंगावर भांडतात आणि खिडकी राहून जाते.

घरातले एकमेकांशी सहमतच होत नाहीत, तेव्हा काय करता?

सगळ्यांना एकाच वेळी बोलवत नाही. आधी स्वयंपाक करणारी बाई एकटी, मग म्हातारी माणसं, मग पोरं, आणि पैसे देणारा शेवटी. प्रत्येकाने आत असताना जे बोललं ते लिहून ठेवायचं. सगळे एकत्र आले की जिभाऊ, म्हणजे घरातले मोठे बोलतात आणि बाकीचे ऐकतात, मग ओट्याची उंची पण जिभाऊच ठरवतात, ज्यांनी आयुष्यात चहासुद्धा केलेला नसतो.

मिस्त्रीला मोबाईलवर दाखवलं तर तो बांधेल ना तसंच?

नाही. चित्र बघून बांधतात तिथंच सगळं बिघडतं. मॉडेल पक्कं झालं की त्यातून काम करायचे नकाशे काढायचे: सेंटर लाइन, भिंतींचा प्लॅन, दार-खिडक्यांचं शेड्यूल, लाइटचा प्लॅन, पाण्याचा प्लॅन, प्रत्येक बाथरूमच्या चारही भिंती. मापं फूट-इंचात टाका, मिलिमीटरमध्ये टाकली तर साइटवर कोणीतरी मनाने बदलून घेतं आणि त्यात अर्धा इंच जातो. माप विटेचं आहे की प्लास्टर-टाइलनंतरचं ते लिहा, नाहीतर तीन फुटाच्या कोनाड्यात तीन फुटी फ्रिज बसणार नाही.

आरसीसीच्या नकाशाशी एकदा ताडून बघा की बीम खिडकीवर नीट येतोय का. मंजूर नकाशात न बसणारा बदल असेल, बाहेरची भिंत, मार्जिन (घराभोवती सोडायची मोकळी जागा), मजला, तर तो महापालिका किंवा नगरपालिकेकडून सुधारून घ्या, चष्म्यात आवडलं हे तिथं चालत नाही, सध्या राज्यात २०२० चे एकत्रित बांधकाम नियम लागू आहेत. आणि लाइन-आउटच्या दिवशी जमिनीवर चुना मारला की घरातल्या सगळ्यांना तिथं नेऊन उभं करा. चुन्याच्या रेघांत खोली हमखास लहान वाटते, तेव्हा घाबरून दोन फूट वाढवायला सांगू नका, मॉडेल उघडून तोच आकडा परत बघा.

हेडसेट साइटवर आणता का?

आणतो, पण पत्र्याच्या शेडखाली नाही आणि मेमध्ये तर दुपारी नाहीच. तो गाडीत डॅशबोर्डवर ठेवून जाऊ नका, त्याच्या भिंगांवर थेट ऊन पडलं तर आतला स्क्रीन जळून डाग पडतो आणि तो दुरुस्त होत नाही. लहान पोरांना पण लावायची घाई नको, मेटाच्याच नियमात १० वर्षांखाली मनाई आहे. सकाळी ९ च्या आत बोलवा, एक बंद खोली, एक खुर्ची आणि प्लग पॉइंट द्या, लाइट गेलेली असेल तर आधी फोन करा.